शीरखुर्म्याच्या नावात साखर नाही

ईदच्या दिवशी सकाळी अकरा वाजेपर्यंत मुलांचे दोन्ही खिसे भरलेले असतात. एका खिशात ईदीच्या नोटा आणि दुसऱ्यात टॉफ्या. दादाजींनी दिलेल्या, खालाने दिलेल्या, ईदगाहच्या वाटेवर कुणी तरी प्रेमाने हातात ठेवलेल्या. दुपार होईपर्यंत ईदीच्या नोटाही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातात आणि त्यांच्या बदल्यात लॉलीपॉप, रंगीत जेली, थंड पेयाची बाटली घरी येते. मग अम्मी शीरखुर्म्याची वाटी पुढे करते, तर मुलगा म्हणतो, "भूक नाही." संध्याकाळी पोट दुखते, रात्री चिडचिड होते. आपण म्हणतो, ईद आहे, चालायचेच.

आम्हीही असेच म्हणत होतो. मग एका ईद-उल-फित्रच्या तिसऱ्या रात्री आमच्या घरातला आठ वर्षांचा मुलगा गाल धरून उठून बसला. लवंगेचे तेल लावले, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिल्या, तरी पहाटेपर्यंत त्याला झोप लागली नाही. सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे नेले. आम्ही म्हणालो, "दुधाचाच दात असेल, पडून जाईल ना?" डॉक्टरांनी आरसा धरून आम्हाला आत पाहायला लावले. तो दुधाचा दात नव्हता. ती कायमची दाढ होती आणि ती मुळापर्यंत किडली होती.

हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि अनेक घरांत ठाऊक नसते, म्हणून आधी तेच सांगतो. मूल साधारण सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. त्या जागी आधी कोणताही दात नसतो, त्यामुळे काही पडत नाही आणि आईवडिलांना पत्ताही लागत नाही. आपण तिला दुधाची दाढ समजतो. पण ती जन्मभरासाठी असते, गेली तर पुन्हा येत नाही. दुधाच्या दाढांचेही 'पडणारच आहेत' म्हणून सोडून देता येत नाही. त्या दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात, मूल त्यांनीच घास चावते आणि खालून येणाऱ्या दातांची जागाही त्याच राखून ठेवतात.

साखर किती आणि किती वेळा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबाबत सूचना दिल्या. वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ती ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे, असे त्यात म्हटले आहे. घरच्या चमच्याने मोजू. सहा-सात वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १४०० कॅलरी लागतात असे धरले, तर ५ टक्के म्हणजे ७० कॅलरी. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी असतात. म्हणजे १७-१८ ग्रॅम, चहाचे जेमतेम चार-साडेचार चमचे. कोला जातीच्या थंड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या एका बाटलीतच २५ ग्रॅमहून जास्त साखर असते. एका बाटलीत मुलाचा दिवसाचा हिशेब संपतो आणि शीरखुर्मा तर अजून बाकीच असतो.

दातांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे आहे. तोंडातले जंतू साखरेपासून काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि पुढचा सुमारे अर्धा तास ते आम्ल दाताचे वरचे कवच झिजवत राहते. मग लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि दात सावरतो. मुलाने जेवणाबरोबर एकदाच गोड खाल्ले, तर दाताला सावरायला वेळ मिळतो. पण सकाळी टॉफी, तासाने लॉलीपॉप, दुपारी जेली असे चालले, तर दात दिवसभर आम्लातच राहतो. ईदचे तीन दिवस नेमके असेच जातात.

दुसरी चिंता पोषणाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे दर दहांपैकी जवळजवळ सात. टॉफीने भूक मारली जाते, पण रक्त वाढत नाही. ज्या मुलाला लोहाची गरज आहे, त्याचे पोट आपण रंगीत साखरेने भरतो.

नावातच उत्तर आहे

ईदचा गोडवा काढून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. गोड हा आपल्या ईदचा भाग आहे. पण तो गोडवा मुळात कसला होता, हे एकदा आठवून पाहावे.

शीरखुर्मा हा शब्द फारसी आहे. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. आपल्या ईदच्या मुख्य पदार्थाच्या नावात साखर नाहीच! ती नंतर आली आणि मग वाढतच गेली. प्रेषित मुहम्मद (स.) ईद-उल-फित्रच्या दिवशी नमाजला निघण्याआधी काही खजूर खात आणि ते विषम संख्येने खात, असे सहीह बुखारीतल्या हदीसमध्ये आले आहे. रमजानचा महिनाभर आपण रोजा खजुरानेच सोडतो. निकाहच्या मजलिसीत खारीक वाटली जाते. पूर्वी मुले त्या खारकांसाठी मांडवात झोंबत. आता त्याच मजलिसीत खारकेच्या पुडीत दोन चॉकलेटेही असतात आणि मुले खारीक टाकून चॉकलेट घेतात. सवय आपणच बदलली, म्हणून ती परत आणण्याचे कामही आपलेच आहे.

कुरआनमध्ये सूरह अल-बकरात हलाल आणि पवित्र अन्न खाण्याची आज्ञा आहे आणि सूरह अल-आराफमध्ये खा-प्या, पण अतिरेक करू नका, अशी ताकीद आहे. हलालकडे आपण लक्ष देतो. अन्न शुद्ध आहे का आणि प्रमाणात आहे का, इकडे मात्र मुलांच्या खाऊच्या बाबतीत आपले दुर्लक्ष होते. खरे तर हलालचा प्रश्नही या रंगीत पाकिटांत असतो. चघळायच्या मऊ जेलीत पुष्कळदा जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. पाकीट उलटून पाहावे. हिरव्या ठिपक्याची खूण शाकाहारी पदार्थाची, तपकिरी त्रिकोण मांसाहारी घटकाची. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलेच नाव साखरेचे असेल, तर त्या पाकिटात सगळ्यात जास्त साखरच आहे, हे मुलालाही वाचून दाखवता येते. आमच्या घरात आता हा मुलांचा खेळच झाला आहे.

परभणीच्या मातीतला खाऊ

चांगला खाऊ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बदाम-पिस्ते येतात आणि मग 'आपल्याला कुठे परवडते' असे होते. पण आपला जिल्हा ज्वारीचा आहे. जिंतूर असो, सेलू असो की गंगाखेड, घरात ज्वारी नाही असे घर विरळा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेच्या साथीने 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये दिले. नेहमीच्या ज्वारीत किलोला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असते, या वाणात ते सुमारे ४५ मिलिग्रॅम आहे आणि जस्तही जास्त आहे. साधी ज्वारीही कोणत्याही टॉफीपेक्षा कितीतरी पटींनी चांगली. तिच्या लाह्या मुलांना आवडतात, भडभुंज्याकडे तयार मिळतात आणि घरीही फुटतात.

ज्वारीबरोबर शेंगदाणे, फुटाणे, तीळ, खोबरे आणि गूळ हे सगळे आठवडी बाजारात मिळते. ईद उन्हाच्या दिवसांत आली तर टरबूज, खरबूज आणि द्राक्षे असतात, हिवाळ्यात बोरे आणि पेरू. केळी बारमाही, शेजारच्या अर्धापूरची तर प्रसिद्धच. धान्यातले लोह अंगी लागायला लिंबू, पेरू, आवळा यांतल्या 'क' जीवनसत्त्वाची मदत होते आणि चहाने अडथळा येतो. म्हणून लाह्यांच्या लाडवाबरोबर मुलाला चहा न देता पेरूची फोड द्यावी.

एक गैरसमज इथेच दूर करू. गूळ ही औषधी वस्तू आहे, कितीही खावी, असे नाही. दाताच्या दृष्टीने गूळही साखरच आणि खजूरही चिकट असतो. फरक इतकाच की खजूर, शेंगदाणे, तीळ, लाह्या यांत गोडीबरोबर तंतू, प्रथिने आणि क्षार असतात. त्यामुळे एका लाडवाने मुलाचे समाधान होते आणि ते दुसरा मागत नाही. खाल्ल्यावर चूळ भरणे मात्र इथेही आवश्यक आहे.

घरी करता येतील असे तीन पदार्थ

कमी साखरेचा शीरखुर्मा. बहुतेक घरांत एक लिटर दुधाला पाऊण ते एक वाटी साखर पडते. त्याऐवजी आठ-दहा खारका रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी बिया काढून बारीक काप करावेत आणि ते दुधात मंद आचेवर वीस मिनिटे शिजू द्यावेत. दुधात गोडी उतरते. मग तुपात परतलेल्या शेवया, चारोळी, थोडे बदाम आणि वेलची घालून फक्त दोन मोठे चमचे साखर घालावी. खजूर घालायचे असतील तर ते दूध उकळत असताना घालू नयेत, दूध फाटू शकते. गॅस बंद करून दूध जरा निवल्यावर तुकडे मिसळावेत. पहिल्या वर्षी पाहुण्यांना गोड कमी वाटेल, म्हणून साखरेची वाटी बाजूला ठेवावी. आम्ही ठेवली होती. चार-पाच जणांनीच तिला हात लावला.

खजुराचे लाडू. बिया काढलेले खजूर पाव किलो, भाजून जाडसर कुटलेले शेंगदाणे एक वाटी, भाजलेले तीळ अर्धी वाटी, सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस अर्धी वाटी, वेलची. खजूर एक चमचा तुपात मंद आचेवर मऊ होईपर्यंत परतावेत, बाकीचे मिसळावे आणि निवल्यावर लहान लाडू वळावेत. साखरही नाही, गूळही नाही. हे लाडू मुलांच्या हातून वळून घ्यावेत.

ज्वारीच्या लाह्यांचे लाडू. लाह्या चार वाट्या, भाजलेले शेंगदाणे एक वाटी, गूळ पाऊण वाटी, तूप एक चमचा. गूळ आणि तूप मंद आचेवर वितळवावे. पाण्यात थेंब टाकल्यावर त्याची गोळी झाली की लाह्या आणि दाणे टाकून भराभर हलवावे आणि हाताला पाणी लावून गरम असतानाच वळावेत. पाकाने हात भाजतो, त्यामुळे इथे मुलांना दूर ठेवावे. लाह्या घरी फोडायच्या असतील तर ज्वारीवर कडकडीत पाणी ओतून थोड्या वेळाने उपसावी, रात्रभर कापडात बांधून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी खूप तापलेल्या लोखंडी कढईत मूठ-मूठ टाकून फोडावी.

सावधगिरीच्या दोन-तीन गोष्टी. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा बदाम देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांना कूट करून मऊ लाडूच द्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. शेजारच्या मुलांना वाटताना कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का, हे विचारून घ्यावे.

जुलूस, उरूस आणि रोजा कुशाई

ईद घरात साजरी होते, पण मुलांना मिळणारा निम्मा खाऊ बाहेरचा असतो. ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये टॉफ्यांच्या मुठी वाटल्या जातात. बिस्मिल्लाख्वानी आणि रोजा कुशाईत मुलाच्या गळ्यात चक्क चॉकलेटांचा हार घातला जातो. ज्या मुलाने दिवसभर भूक-तहान सोसून आयुष्यातला पहिला रोजा पूर्ण केला, त्याला आपण बक्षीस म्हणून चॉकलेटे द्यावीत, हे आम्हाला पटेनासे झाले आहे. फुलांचा हार, नवी टोपी किंवा ओढणी, गोष्टीचे पुस्तक, रंगपेटी हे बक्षीस जास्त दिवस टिकते.

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. सगळ्या धर्मांचे लोक येतात आणि मुलांसाठी ती वर्षाची मोठी जत्रा असते. तिथे पाळण्यात बसू द्या, खेळणे घेऊ द्या. पण भडक गुलाबी रंगाच्या म्हातारीच्या कापसाबाबत जपून राहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला होता. पुद्दुचेरीनेही तेच केले. हाच रंग सगळीकडे असतो असे नाही, पण डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. मुलाने हट्ट धरला तर बिनरंगाचा पांढरा कापूस घ्यावा. पाकिटबंद वस्तू घेताना त्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का, हे पाहावे.

मोहल्ल्यातल्या मशीद कमिटीला आणि तरुण मंडळांनाही आमची विनंती आहे. टॉफ्यांच्या पिशव्यांऐवजी कागदी पुड्या वाटा. पन्नास मुलांसाठी एक किलो ज्वारीच्या लाह्या, एक किलो फुटाणे, एक किलो भाजलेले शेंगदाणे आणि शंभर खजूर एवढे पुरते. खजूर साधारण एक किलोत येतात. प्रत्येक पुडीत दोन मुठी खाऊ आणि दोन खजूर. मुलींना बांगड्या, मुलांना चेंडू किंवा पेन्सिल जोडता आली तर उत्तमच. पुड्या बांधायला मोहल्ल्यातली मोठी मुले-मुली बसवा, म्हणजे त्यांचीही चांद रात छान जाईल.

आम्ही चुकलो कुठे?

दाढेवर उपचार झाले. तीन-चार फेऱ्या झाल्या, खर्च झाला, मुलाला त्रास झाला. पुढे बकरी ईद आली तेव्हा आम्ही घरात फर्मान काढले की टॉफी बंद, चॉकलेट बंद, सगळे बंद. दादी म्हणाल्या, "ईद है, खाने दो बच्चे को." आम्ही त्यांनाही गप्प केले. ईदच्या चौथ्या दिवशी कपडे धुताना मुलाच्या कुर्त्याच्या खिशातून टॉफ्यांचे सात कागद निघाले. ईदीचे पैसे खर्च करून त्याने ते लपून खाल्ले होते आणि लपून खाल्ल्यामुळे चूळही भरली नव्हती. आमच्या फर्मानाने त्याला साखर सोडायला नव्हे, लपवायला शिकवले होते.

नंतरच्या ईदला आम्ही बंदी घातली नाही. तीन साधे नियम केले आणि ते मोठ्यांनाही लागू केले. पहिला नियम असा की मिळालेला सगळा खाऊ एका डब्यात ठेवायचा, त्यातले दोन नग स्वतः निवडायचे आणि ते दुपारच्या जेवणानंतर लगेच खायचे, दिवसभर चघळायचे नाहीत. दुसरा, गोड खाल्ले की चूळ आणि रात्री झोपण्याआधी ब्रश. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश करताना मोठ्यांनी शेजारी उभे राहावे. मिस्वाकची सुन्नत तर आपल्याकडे आहेच. तिसरा, ईदीतले थोडे पैसे मुलाने स्वतःच्या पसंतीने, पण न खाण्याच्या वस्तूवर खर्च करायचे.

दादींशीही नीट बोललो. "तुम्ही देऊ नका" असे म्हणण्याऐवजी "दादी, तुमच्या हातचे खजुराचे लाडू मुलांना शिकवा" असे म्हटले. त्यांना तेच हवे होते. नातवाच्या हातात काही तरी ठेवायचे असते हो त्यांना. टॉफी बाजारात सोपी मिळते म्हणून ती ठेवली जाते. चांद रातीला त्या सगळ्या मुलांना घेऊन बसल्या. वळलेले लाडू कुणाचे चपटे, कुणाचे लिंबाएवढे, कुणाचे बोराएवढे.

ईदच्या दिवशी आमच्या त्या मुलाने लाडवांचा डबा उचलला आणि गल्लीत निघाला. शेजारच्या घरी, मित्रांकडे, ईदगाहवर भेटलेल्या चाचांना, ज्याला भेटेल त्याला "मी केलाय" म्हणून लाडू देत होता. दुपारी परत आला तेव्हा डबा रिकामा होता. स्वतः किती खाल्ले विचारले, तर म्हणाला, "एकच. बाकी वाटले."

मुलांना ईदला साखरच हवी असते, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. त्यांना खिसा भरलेला हवा असतो आणि तो कुणापुढे तरी रिकामा करायचा असतो. त्या खिशात काय भरायचे हे मात्र आपल्या हातात आहे. येत्या ईदला चांद दिसायच्या आधी एवढेच करा. अर्धा किलो खजूर आणा, मुलांना हात धुऊन बसवा आणि त्यांच्या तोंडात एकदा डोकावून सगळ्यात मागची दाढ पाहून घ्या. काळा ठिपका दिसला तर ईदची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.